स्वसंरक्षणाची गोळी आणि जमावातले मूल

स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बंदूक चालवणाऱ्याच्या नैतिक जबाबदारीचा प्रश्न अत्यंत बिकट रूपात कायद्यातीलच एका उदाहरणात उभा राहतो. 1860च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 106मधील हे उदाहरण 1 जुलै 2024पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 44मध्येही कायम आहे. एका माणसाला ठार मारण्यासाठी जमाव चालून येतो. गोळी झाडल्यावाचून त्याचा बचाव होत नाही आणि जमावात मिसळलेल्या लहान मुलांचा जीव धोक्यात घातल्यावाचून गोळी झाडता येत नाही. अशा वेळी त्याच्या गोळीने मुलाला इजा झाली, तरी तो गुन्हा ठरत नाही. याविषयी एक विधिज्ञ आणि एक नीतिज्ञ यांचा हा संवाद.

विधिज्ञ : कायद्याने येथे मोकळे रान दिलेले नाही. पोलिसांकडे धाव घेण्याइतका अवधी असेल, तर न्याय संहितेच्या कलम 37नुसार स्वसंरक्षणाचा अधिकार मिळतच नाही, आणि मिळाला तरी बचावाला आवश्यक तेवढीच इजा क्षम्य ठरते.

नीतिज्ञ : हल्लेखोरापुरते हे पटते, कारण त्याने आपल्या कृतीनेच धोका ओढवून घेतलेला असतो, मुलाने मात्र कोणावरही हात उगारलेला नसतो.

विधिज्ञ : तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने मांडलेल्या विचारातून द्विपरिणामाचे तत्त्व विकसित झाले. कृतीचा हेतू चांगला असेल आणि तिचा दुसरा, अनिष्ट परिणाम केवळ अपरिहार्य म्हणून घडत असेल, तर कर्त्याला दोष लागत नाही, असे ते तत्त्व सांगते.

नीतिज्ञ : पण अक्वायनसने विचार केला तो हल्लेखोराच्या मृत्यूचा, त्रयस्थाचा जीव त्याच मापाने मोजता येत नाही. शिवाय छऱ्यांच्या बंदुकीतून सुटलेले छरे अंतर वाढेल तसे फाकत जातात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या मुलाची इजा अनपेक्षित होती असे म्हणता येणार नाही.

विधिज्ञ : मग त्याने निमूटपणे मरण पत्करावे, असे आपले म्हणणे आहे काय?

नीतिज्ञ : मुळीच नाही. त्या क्षणी त्याच्याकडून हौतात्म्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. परंतु जबाबदारी त्या क्षणापुरती नसते. बंदूक बाळगण्याचा निर्णय शांत चित्ताने, पुरेसा वेळ घेऊन केलेला असतो. म्हणून ती सुरक्षितपणे ठेवणे, चालवण्याचे रीतसर शिक्षण घेणे आणि निसटून जाण्याची वाट उपलब्ध असल्यास तीच धरणे, ही कर्तव्ये आधीच पत्करलेली असतात.

विधिज्ञ : आणि मूल जखमी झाल्यानंतर?

नीतिज्ञ : धोका टळताच त्याला उपचार मिळवून देणे, घडले ते न लपवणे आणि त्याच्या कुटुंबाचे नुकसान यथाशक्ती भरून देणे. हे शिक्षा म्हणून करायचे नसून, आपल्या जिवाची किंमत दुसऱ्या निरपराध जिवाने मोजली म्हणून करायचे आहे.

विधिज्ञ : म्हणजे न्यायालयाने निर्दोष ठरवले, तरी देणे उरतेच.

या संवादातून निघणारा निष्कर्ष असा की, कायदा फक्त शिक्षेचा प्रश्न निकालात काढतो. शस्त्राचा परवाना मागणाऱ्याने मात्र आपल्या गोळीने होणाऱ्या प्रत्येक इजेचे उत्तरदायित्व परवान्याच्या अर्जावर सही करतानाच स्वीकारले पाहिजे, आणि ज्याची ती तयारी नाही, त्याने शस्त्र बाळगू नये.