बदलीची ऑर्डर आणि गावाचं आरोग्य

आरोग्याचा सरकारी कार्यक्रम बंद पडतो तेव्हा तसा आदेश क्वचितच निघतो. पद मंजूर असतं, औषधं आलेली असतात, महिन्याचा अहवालही वर जात असतो. फक्त कोणत्या घरात कोण आजारी आहे हे ठाऊक असलेलं माणूस तिथून गेलेलं असतं.

घोरावाडीसारखं ठिकाण घ्या. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना तळेगावच्या अलीकडचं हे लोकलचं स्टेशन. एकीकडे देहूरोड, दुसरीकडे तळेगावची कारखानदारी. काम बदललं की खोली बदलणारी भाडेकरू कुटुंबं या पट्ट्यात पुष्कळ. अशा वस्तीत क्षयरोगाचा रुग्ण किमान सहा महिने औषधावर टिकवायचा असतो. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं आणि रुग्णाला वाटतं, बरा झालो. नेमकं तेव्हा कुणीतरी त्याला गाठावं लागतं, तेही बेतानं. घरमालकाला कळलं तर खोली जाईल ही धास्ती असते. तो दुसऱ्या पाळीला जातो, बायको गावी गेली की गोळ्या चुकतात, घरापेक्षा टपरीवर मोकळं बोलतो. यासाठी कुठल्याही रजिस्टरला रकाना नाही. नवा क्षयरोग पर्यवेक्षक रुजू होतो तेव्हा त्याच्या हाती येतो रुग्णाचा क्रमांक आणि बहुधा बंद असलेला मोबाइल नंबर.

जाणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी माणसांनी वर्षानुवर्षं अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आणि एका दिवसाच्या तांत्रिक खंडावर काम केलं आहे. बंधपत्रावर आलेला डॉक्टर वर्षभरात पुढच्या शिक्षणाला जातो. पुढची ऑर्डर निघेल की नाही हे माहीत नसलेल्या माणसानं वस्तीशी पाच वर्षांचं नातं जोडावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

जाणती माणसं गमावण्याची किंमत कुष्ठरोगानं दाखवली. १९५५पासून या रोगासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. कोपराजवळची जाड झालेली नस बोटांनी चाचपून ओळखणारे, घरोघर चट्टे पाहणारे कर्मचारी तयार झाले. डिसेंबर २००५मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. त्याच सुमारास ही यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली आणि ते हात विखुरले. २०१६मध्ये घरोघरी शोधमोहीम घेतली तेव्हा देशभरात हजारो नवे रुग्ण सापडले. रोग गेला नव्हता, तो ओळखणारे कमी झाले होते.

उलट उदाहरण जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथं गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. आधी शिकलेल्या नर्स गावोगाव नेमून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवलं. १९७१च्या सुमारास हजारी १७६ असलेला अर्भकमृत्युदर नव्वदच्या दशकात तिशीच्या आत आला. मेबलताई १९९९मध्ये गेल्या, रजनीकांत २०११मध्ये. काम थांबलं नाही. ज्ञान अशा बायकांकडे होतं ज्यांची बदली होऊच शकत नव्हती, आणि जुन्या जाणत्यांनी नव्यांना हाताशी धरून तयार केलं होतं.

खुर्चीला चिकटलेला, काम न करणारा माणूस बदलीशिवाय हलत नाही, हेही खरं. गावानं तो जाच का सोसावा? माणसं बदलावीतच. पण जाणाऱ्यानं येणाऱ्याला वस्ती दाखवल्याशिवाय चार्ज पूर्ण झाला असं मानू नये. पंधरा दिवस दोघांनी मिळून घरं फिरावीत. आज एक जातो, पद रिकामं राहतं, दुसरा येतो तेव्हा सांगायला कुणीच नसतं.

उरते ती आशाताई. ती गावचीच, त्यामुळे तीच टिकते. सहा डॉक्टर बदलले तरी कोण बाळंतपणाला माहेरी गेली, कुणाचा डोस राहिला, हे तिला माहीत असतं. आणि तिलाच आपण कर्मचारी म्हणत नाही. ती स्वयंसेविका, तिला पगार नाही, मोबदला. सगळ्या कार्यक्रमांचं सातत्य जिच्यावर उभं आहे तिलाच सर्वांत कच्च्या आधारावर ठेवणं हा धोरणातला सर्वांत मोठा दोष आहे.

दहा वर्षं सेवा झालेल्या आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा निर्णय राज्य सरकारनं मार्च २०२४मध्ये घेतला. तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. पुढच्या ग्रामसभेत उपकेंद्राच्या रंगकामाआधी एक प्रश्न विचारा: आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर किती दिवस झाले इथं आहेत, आणि त्यांची ऑर्डर कधी संपते?