करारात नसलेला तिसरा माणूस

मे-जून हे नागपुरात घरे बदलण्याचे महिने. बारावीचे निकाल, मेडिकल-इंजिनीअरिंगचे प्रवेश, नोकरदारांच्या बदल्या, सगळे एकदमच येते आणि मानेवाडा, त्रिमूर्तीनगर, हिंगणा रोड, मनीषनगर अशा भागांत फाटकाफाटकावर ‘किरायाने देणे आहे’च्या पाट्या लागतात. यंदा भाचीसाठी घर शोधताना अशा बऱ्याच फाटकांच्या आत जाऊन आलो. किराया किती, डिपॉझिट किती, हे विचारण्याआधीच प्रत्येक ठिकाणी आधीचा किरायेदार भेटायचा. माणूस निघून गेलेला, पण ओट्यामागे तेलाचा चिकट थर, तुंबलेली मोरी, पिवळा पडलेला संडास आणि दाराला खिळ्यांची भोके तशीच. बल्ब मात्र होल्डरमधून आठवणीने काढून नेलेले.

सगळ्यात वाईट अवस्था खिडकीची. आपल्याकडे कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, म्हणून खिडकीचे पल्ले काढून तिथे प्लायवूड ठोकलेले असते. वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याने खालच्या भिंतीचे पोपडे सुटतात, फरशीवर क्षारांचा पांढरा थर बसतो. हे निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी गोष्ट अधिक गंभीर आहे. डेंग्यू पसरवणारा डास कूलरच्या टाकीत पाण्याच्या पातळीलगत अंडी घालतो. टाकी कोरडी पडली तरी ती अंडी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यातून अळ्या निघतात. म्हणजे टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, कडा घासून काढाव्या लागतात. घरमालकाचा कूलर न घासता जो निघून जातो, त्याच्या आळसाची किंमत पुढे राहायला येणारे कुटुंब मोजते. कदाचित त्या घरातले लेकरू तापाने फणफणते. त्या कुटुंबाने याचे काय वाईट केले होते?

एका घरात मालकीणबाईंना मी हे सारे दाखवले. त्या म्हणाल्या, “आधीच्या पोट्ट्यांनी असं करून ठेवलं जी, आता आम्ही तरी काय करावं? तुम्ही राहायला आले की साफ करून घ्या.” त्यांचा राग मला कळला. पण ज्याने घाण केली तो गेला, ज्याचे घर आहे त्याने हात वर केले आणि भार आला तिसऱ्यावरच. शिवाय ‘पोट्टे असेच’ हा शिक्का पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्यावर बसतो. पुढे तो गावावर, जातीवर, धर्मावरही बसतो. ‘त्या लोकांना घर देत नाही’ असे म्हणणाऱ्या घरमालकाकडे एखाद्या जुन्या किरायेदाराची गोष्ट हमखास तयार असते. एकाच्या बेपर्वाईची शिक्षा अनेक निरपराध माणसांना देणे, हा तर त्या घाणीहून मोठा अन्याय आहे.

कायद्याने या विषयाचा विचार फार पूर्वी केला आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 सांगते की जागा मिळाली तेव्हा जशी होती, तशीच ती परत करावी. वापराने होणारी स्वाभाविक झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती तेवढी वगळली आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरीच्या आसपास घराघरांत पाणी शिरले, त्या पाण्याच्या खुणांसाठी कोणी किरायेदाराला जबाबदार धरणार नाही. तेच कलम पुढे म्हणते की शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी वापरेल, तशी ही जागा वापरावी. आज आपण अकरा महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्सचे करार करतो, त्यांतही स्वाभाविक झिजेचे हे वाक्य बहुधा असतेच. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात तर कामांची वाटणीच आहे. रंगरंगोटी, पाइप आणि वायरिंग घरमालकाकडे. नळाचे वॉशर, नाली साफ करणे, फुटलेल्या काचा किरायेदाराकडे.

पण या सगळ्या कागदांवर दोघांच्याच सह्या असतात. पुढे राहायला येणाऱ्याचे नाव कुठेच नसते. म्हणून हिशेबही दोघांपुरताच होतो आणि तो डिपॉझिटवर येऊन थांबतो. किरायेदार म्हणतो, कापून घ्या. मालक कापून घेतो आणि ती रक्कम सफाईवर खर्च न करता खिशात टाकतो. काही मालक घर लख्ख असले तरी खुसपट काढून डिपॉझिट अडवतात, मग पुढच्या वेळी तोच किरायेदार झाडूला हात लावत नाही. पैशाने दोघांचे मिटते. मोरी तशीच राहते.

शेवटी ती साफ करायला कोणी तरी बाई बोलावली जाते. तिच्या हातात ॲसिडची बाटली दिली जाते, हातमोजे दिले जात नाहीत. कोंदट संडासात त्या वाफा तिच्या छातीत जातात, बोटांची कातडी सोलते. त्यात कोणी ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेतू शकतो. महिनोन्‌महिने साचू दिलेली घाण तिने तासाभरात उपसायची आणि हातावर पडतील तेवढे पैसे घेऊन जायचे. आपण निर्लज्जपणे मागे टाकलेले काम शेवटी गरिबाच्याच अंगावर जाते, हे मला अस्वस्थ करते.

हा आपला विदर्भ गाडगेबाबांचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी झाडू हातात घेई, कीर्तन रात्री. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. आज आलेला उद्या जाणार आणि परवा दुसरा येणार, अशा अनोळखी माणसांसाठीच त्या होत्या. त्या परवाच्या माणसाची आठवण ठेवणे म्हणजे धर्म, असे मी त्यातून समजतो.

असे करणारे आजही आहेत. नंदनवनच्या एका जुन्या घरात ओटा कोरडा पुसलेला होता आणि आतल्या कपाटावर कागद चिकटवला होता: नळ कधी येतो, कचऱ्याची गाडी कधी येते, दूधवाला कोण, न्हाणीघराचा कॉक कुठे. लिहिणाऱ्याने स्वतःचे नावही घातले नव्हते. भाचीने तेच घर घेतले.

या महिन्यात तुम्ही घर सोडत असाल तर ट्रक लागण्याच्या आदल्या दिवशी ओटा, मोरी, संडास धुऊन काढा, कूलरची टाकी घासा, एक बल्ब राहू द्या. घरमालक असाल तर आधी साफ करा, मगच दाखवा. किल्ली देताना आणि घेताना दोघांनी मिळून घराचे फोटो काढा आणि डिपॉझिटमधून कापलेला पैसा त्या घरावरच लावा. सफाईला बाई बोलावलीत तर तिला हातमोजे द्या, खिडक्या उघडा आणि मजुरी पूर्ण द्या.