विकणाऱ्याला किंमत ठाऊक नसेल तर?

मुंबईत जुनी वस्तू घ्यावयाची झाली की आमचे वडील मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात जात. तेथला दुकानदार गिऱ्हाइकाला पुरून उरे. एकदा आणलेला रेडिओ घरी येईपर्यंतच बोलला! फसलो तर आपणच फसणार हे ठरलेले असल्यामुळे आपल्या हातून दुसरा फसेल ही काळजी आम्हाला कधी पडली नाही. ती येथे न्यू जर्सीत, उतारवयात पडली.

त्याचे कारण आमचा पंधरा वर्षांचा नातू. गेल्या हिवाळ्यात त्याने आमच्या तळघरात सिनेमा पाहावयाची आणि खेळ खेळावयाची खोली उभारली, सगळी जुन्या सामानातून. तीनशे डॉलरवर एक सेंट जावयाचा नाही, ही त्याची प्रतिज्ञा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद झाला, तेव्हा धडधाकट कॉम्प्युटर कचेऱ्यांतून बाहेर पडले. त्यातला एक त्याला सत्तर डॉलरला मिळाला. त्यात त्याने वेगळी वीजजोडणी न लागणारे चित्रांचे कार्ड बसवले. एचडीएमआय नसलेला रिसीव्हर कोणी घेत नाही, म्हणून तो पंधरा डॉलरला आला. टीव्हीचा आवाज प्रकाशाच्या तारेने त्यात जातो, काही अडत नाही. एक अवजड काचेचा टीव्ही रस्त्याच्या कडेला फुकट सापडला. जुन्या खेळांतल्या बंदुका म्हणे त्याच पडद्यावर नेम धरतात, कारण त्यांना पडद्यावर फिरणाऱ्या किरणाची वेळ लागते. मुलाची अक्कल पाहून आम्ही खूष होतो.

मग स्पीकर आले. तीन रस्ते पलीकडे एका घरी सामानाची विक्री होती. घरधनी वारले होते आणि बाई मुलीकडे फ्लोरिडाला कायमच्या जावयाच्या होत्या. क्लिप्श कंपनीच्या हेरेसी स्पीकरांची जोडी, वर चाळीस डॉलरची चिठ्ठी. नातवाने खिशातल्या फोनवर भाव पाहिला. अशी जोडी जुन्यातसुद्धा सहाशेच्या खाली जात नव्हती. त्याने निमूटपणे चाळीस मोजले आणि गाडीत बसल्यावर आनंदाने आम्हाला सारे सांगितले.

आमचे यजमान म्हणाले, चिठ्ठी बाईंनीच लावली, त्याने घासाघीससुद्धा केली नाही, मग फसवणूक कसली? येथला कायदा त्यांच्याच बाजूचा आहे. १८१५ साली न्यू ऑर्लिअन्सला ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला युद्ध संपल्याची बातमी इतरांच्या आधी कळली. ती गावभर होण्यापूर्वी त्याने तंबाखूची १११ पिंपे घेतली, आणि नाकेबंदी उठणार म्हणताच भाव तीस ते पन्नास टक्के चढला. १८१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी सांगितले की, खरेदीदारावर आपली माहिती सांगण्याचे बंधन नाही. मात्र विकणाऱ्याच्या माणसाने काही बातमी आहे काय असे विचारले होते, म्हणून फसवणूक झाली किंवा कसे हे ज्यूरीपुढे जावे असेही ठरले. म्हणजे गप्प राहणे एक, आणि विचारल्यावर गप्प राहणे दुसरे.

आपल्या तालमूदात बाबा मेसियामध्ये याचा हिशेबच आहे. बाजारभावापेक्षा एकषष्ठांशाहून अधिक फरक पडला तर सौदा मोडता येतो. आणि हे संरक्षण विकणाऱ्यालाही आहे. पण त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की, घरगुती माणूस आपली वापरातली वस्तू विकतो तेव्हा घेणाऱ्याने जास्त पैसे दिल्याची तक्रार करू नये, कारण ती वस्तू त्याला प्रिय असते, तो जास्तच मागणार. येथे मात्र आमचा अनुभव उलटा आहे. इतकी वर्षे नर्सची नोकरी केली, मेलेल्या माणसाचे घड्याळ, चष्मा, चपला पिशवीत घालून नातेवाइकांच्या हाती दिल्या. वस्तू प्रिय असते म्हणूनच ती डोळ्यांसमोर नको असते. अशा वेळी माणूस किंमत करीत नाही, वस्तू फक्त घराबाहेर काढतो. त्या चाळीस डॉलरच्या चिठ्ठीला आम्ही किंमत मानावयास तयार नव्हतो.

शिमोन बेन शेताह यांची गोष्ट आम्ही नातवाला सांगितली. शिष्यांनी त्यांच्यासाठी गाढव विकत घेतले, त्याच्या गळ्यात मोती निघाला, आणि मालकाला तो ठाऊक नव्हता म्हणून त्यांनी तो परत करावयास लावला. नातू म्हणाला, "आजी, मोती गाढवाबरोबर विकला नव्हता. मी स्पीकरच घेतले." मुद्दा खरा होता. आम्ही तरीही दोनशे डॉलर पाकिटात घातले आणि त्याला घेऊन गेलो.

बाईंनी चहा केला. आम्ही म्हटले, असले जुने स्पीकर हल्ली महाग झाले आहेत, मुलाने कमी दिले. बाई पाकिटाकडे पाहत राहिल्या. त्यांच्या यजमानांनी ते ऑफिसातल्या मित्राकडून वीस डॉलरला आणल्याचे सांगितले होते, आणि तेवढ्यावरूनही त्या आठवडाभर बोलल्या नव्हत्या. मग त्यांनी विचारले, "ते तेव्हाही महाग होते का?"

नातवाने गाडीतच सांगितले होते की, ते कधीच स्वस्त नव्हते. आम्ही म्हणालो, तेव्हाचे भाव आम्हाला ठाऊक नाहीत. खाटेशी बसून असे प्रश्न आम्ही पुष्कळ ऐकले आहेत आणि उत्तरे तोंडात तयार असतात. बाईंनी शंभर ठेवले, शंभर परत केले.

बाहेर पडताच नातू म्हणाला, "मी नुसता गप्प बसलो. तू तर खोटं बोललीस." त्याला काय सांगावे हे आम्हाला त्या दिवशी सुचले नाही, आणि हे लिहितानाही सुचत नाही. बाईंना खरे कळले असते तर त्यांचे यजमान इतक्या वर्षांनी खोटे ठरले असते. पण ते ठरवण्याचा हक्क बाईंचा होता, आमचा नव्हे, असेही वाटते. यजमान म्हणतात, पाकीट घेऊन जावयासच नको होते.

फ्लोरिडाला जाण्यापूर्वीच्या रविवारी बाई एक रेकॉर्ड घेऊन तळघरात आल्या. तेवढी त्यांनी विकली नव्हती. रिसीव्हर जुना असल्यामुळे त्याला रेकॉर्डप्लेअरची जागा होती. नातवाने जोडून दिला. त्या मधल्या खुर्चीवर बसल्या आणि त्याला खूण करून आवाज वाढवावयास सांगू लागल्या, आणखी, आणखी. "घरी मी त्यांना इतका मोठा कधी लावू दिला नाही," त्या म्हणाल्या.