पहिले ५१२ बाइट कुणाचे?

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून विंडोजचा किंवा लिनक्सचा लोगो दिसेपर्यंत जे काही सेकंद जातात, तेवढ्यात एक निर्णय होऊन गेलेला असतो: आज या मशीनवर राज्य कुणाचं. तो निर्णय अमलात आणणारा प्रोग्राम अगदी लहान असतो. आपलं काम झालं की तो बाजूला होतो आणि दिवसभर पुन्हा तोंड दाखवत नाही. त्याला बूट लोडर म्हणतात. तुमच्या हातातल्या फोनमध्येही तो आहे, फक्त तिथे त्याच्याशी बोलायची सोय बहुतेकांना ठेवलेली नाही. त्याकडे नंतर येतो.

मला पडलेला प्रश्न पहिल्या जागेचा आहे. जो सगळ्यांच्या आधी येतो, त्याच्याकडे एक विचित्र ताकद असते. त्यासाठी हुशार असावं लागत नाही, मोठं तर नाहीच नाही. बाकीच्यांना त्याच्या हातून आत यावं लागतं, एवढंच. अशा जागेवर बसलेल्यानं इतरांशी कसं वागावं? आणि नव्यानं येणाऱ्यानं ती जागा मागावी का?

आधी थोडी यंत्राची माहिती, कारण त्याशिवाय प्रश्न कळणार नाही. जुन्या, म्हणजे बायोसवाल्या मशीनमध्ये सुरुवातीला काहीच हुशारी नसते. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर उचलतो, ५१२ बाइटांचा. शेवटचे दोन बाइट ठरलेली खूण आहेत का बघतो, आणि असतील तर पुढचा सगळा कारभार त्या सेक्टरमधल्या कोडच्या हाती देऊन मोकळा होतो. कोड चांगला की वाईट, कुणी लिहिला, कधी लिहिला, काही विचारत नाही. त्या ५१२पैकी ६४ बाइट डिस्कच्या वाटणीचा तक्ता असतो. खूण आणि तक्ता वजा जाता कोडसाठी उरतात ४४६. मराठी मजकूर साठवायला देवनागरीच्या एकेका चिन्हाला साधारणपणे तीन बाइट लागतात, म्हणजे इतक्या जागेत आपल्याला दीडशे चिन्हांचं वाक्यही लिहिता येणार नाही. मशीनची सत्ता तेवढ्यात मावते.

वाटणी हा शब्द मी मुद्दाम वापरला. पार्टिशनला विभाजन म्हणतात, पण वाटणी जास्त बरोबर आहे. वाड्याची वाटणी झाली की खोल्या ज्याच्या त्याच्या होतात, पण दिंडी दरवाजा, जिना आणि विहीर सामाईक राहतात. डिस्कचंही तसंच. प्रत्येक पार्टिशनला स्वतःचा पहिला सेक्टर असतो, तो त्या खोलीचा उंबरा. पण अख्ख्या डिस्कचा पहिला सेक्टर म्हणजे दिंडी दरवाजा, आणि तो एकच. विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर इन्स्टॉलर विचारतो: बूट लोडर कुठे बसवू, ‘एसडीए’वर की ‘एसडीए५’वर? फरक एका आकड्याचा. पहिल्या उत्तरात तुम्ही दिंडी दरवाज्यावर बसता, दुसऱ्यात आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर.

हा प्रश्न मला खऱ्या अर्थानं भेटला तो सांगलीत, मामांच्या घरी. मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पाइप, रंग असं हार्डवेअर. घरात लॅपटॉप एकच, विंडोज सातचा, आणि त्यात टॅलीमध्ये दुकानाची सगळी उधारी. मामेबहीण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिला लिनक्स हवं होतं. मी सुट्टीत गेलो तेव्हा काम माझ्याकडे आलं. मामांची अट एकच: “उद्या सकाळी टॅली उघडलं पाहिजे. बाकी तुम्ही पोरं काय घालायचं ते घाला.”

मी सुचवलं की लिनक्सचा बूट लोडर, म्हणजे ग्रब, पार्टिशनवर बसवू. विंडोजचा लोडर आहे तिथेच राहील. त्याच्या मेनूत लिनक्सची एक ओळ घालू, ती निवडली की तो ग्रबला हाक मारेल. मामांच्या बाजूला काहीही हलणार नाही.

पण या विनयाची किंमत असते, आणि ती तिला सांगणं भाग होतं. ग्रबचा मुख्य भाग ४४६ बाइटांत मावत नाही. दिंडी दरवाज्यावर बसलं तर पहिल्या पार्टिशनच्या आधी थोडी मोकळी जागा असते, तिथे तो भाग सुखानं राहतो. पार्टिशनच्या उंबऱ्यावर तशी जागा नसते. लिनक्सची नेहमीची एक्सटी४ फाइलसिस्टिम सुरुवातीला फक्त १०२४ बाइट रिकामे सोडते. मग मुख्य भाग फाइल म्हणून आत ठेवायचा आणि ती फाइल डिस्कच्या कोणत्या सेक्टरांवर आहे त्यांचे आकडे उंबऱ्यावर लिहून ठेवायचे. फाइल उद्या दुसरीकडे सरकली तर आकडे खोटे ठरतात आणि मशीन अडकतं. ग्रब स्वतःच याबद्दल खडसावून इशारा देतो आणि जबरदस्ती केल्याशिवाय असं बसायला तयार होत नाही. शिवाय विंडोजच्या लोडरला हाक मारता यावी म्हणून त्या उंबऱ्याच्या ५१२ बाइटांची एक नक्कल विंडोजकडे ठेवावी लागते. मूळ बदललं की नक्कल शिळी.

बहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादा, म्हणजे काही बिघडलं तर माझंच बिघडणार. ते चालतं?”

मग तिनं दुसरी बाजू मांडली, आणि ती कच्ची नव्हती. ग्रब पुढे बसला तरी तो विंडोजला हाकलत नाही, उलट आपल्या यादीत त्याचं नाव घालतो. विंडोजचा इन्स्टॉलर मात्र वर्षानुवर्षं पहिला सेक्टर न विचारता स्वतःच्या नावावर करत आला. त्याच्या मेनूत लिनक्स आपणहून कधी दिसलं नाही. “मग जो दुसऱ्याचं नाव घेतो त्यानं मागे बसायचं, आणि जो घेत नाही त्यानं पुढे? का तर तो आधीपासून आहे म्हणून? नव्या सुनेसारखं झालं हे.”

या वाक्यापुढे मी बराच वेळ अडलो होतो. ‘आधीपासून आहे’ हे नैतिक कारण नाही, ही तिची गोष्ट मला तेव्हाही पटली आणि आजही पटते. वहिवाट म्हणजे हक्क, असं कोर्टात कधीकधी चालतं. पण न्याय्य काय याचं उत्तर वहिवाटीतून मिळत नाही. पहिल्या जागेवर बसायचा अधिकार खरं तर त्याला जास्त, जो तिथे बसून इतरांची नावं घेतो.

तरीही मी पार्टिशनवरच बसवलं, तिला सांगून. कारण वडीलधारेपणाचं नव्हतं. तिचं लिनक्स अडकलं असतं तर तिनं पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून तासाभरात दुरुस्त केलं असतं. निदान शिकून केलं असतं. मामांचं टॅली अडकलं असतं तर मामा काहीही करू शकले नसते. मला फोन करणं एवढाच त्यांचा उपाय होता, आणि उधारी वसूल करणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकासमोर तसं थांबून चालत नाही. धोका कुणीतरी घ्यायचाच असेल तर तो दुरुस्ती ज्याच्या हातात आहे त्यानं घ्यावा, असं मला वाटतं. मागे बसणं ही दर वेळी दुबळ्याची गोष्ट नसते. ज्याला हत्यारं चालवता येतात, त्याला ते परवडतं.

यात एक खोट आहे, ती लपवत नाही. ‘तुला जमतं ना, मग तूच सोस’ हे वाक्य घराघरांत कुणाला ऐकवलं जातं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून दोन अटी हव्यात. धोका घेणाऱ्याला तो आधी नीट सांगितलेला असावा, आणि ही व्यवस्था कायमची नसावी. पुढच्या दिवाळीत तिनं मामांना शेजारी बसवून ग्रब पहिल्या सेक्टरवर आणला. आधी जुन्या सेक्टरची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. (नक्कल परत लिहायची वेळ आली तर फक्त पहिले ४४६ बाइट लिहायचे. पूर्ण ५१२ लिहिले आणि मधल्या काळात वाटणी बदललेली असली, तर जुना तक्ता परत येतो आणि घर उलटंपालटं होतं.) यादीत विंडोज पहिलं ठेवलं, पाच सेकंदांत आपोआप सुरू होणारं. मामांची तक्रार एकच होती, आणि ती दोन्ही वेळा तीच होती: “हे मला कशाला विचारतंय?” निवड समोर ठेवणं हीसुद्धा कुणासाठी लादलेली गोष्ट असू शकते, हे मला त्याआधी सुचलं नव्हतं.

नव्या मशीनमध्ये पहिल्या सेक्टरचं भांडण जवळजवळ मिटलंय. यूईएफआय पद्धतीत बूट लोडरांसाठी एक वेगळं छोटं पार्टिशन असतं आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचा स्वतःचा फोल्डर. सोसायटीच्या जिन्याखालच्या टपालपेट्यांसारखं. कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही. पण सत्ता नाहीशी झाली नाही, तिनं जागा बदलली. आता प्रश्न येतो सहीचा. २०१२मध्ये विंडोज आठबरोबर सिक्युअर बूट सर्रास आलं: ज्या लोडरवर ओळखीची सही नाही, तो चालणार नाही. बहुतेक पीसींमध्ये ओळखीची सही म्हणजे मायक्रोसॉफ्टची. म्हणून लिनक्सवाल्यांनी ‘शिम’ नावाचा छोटा लोडर केला, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली, आणि तो पुढे ग्रबला तपासून हाक मारतो. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुने, सुरक्षेत त्रुटी असलेले लोडर बाद ठरवले. ज्यांच्या मशीनवर दोन्ही सिस्टिम होत्या, त्यांच्यापैकी अनेकांचं लिनक्स त्या दिवशी सुरू होईना.

सहीची गरज खोटी नाही. पहिल्या जागेवर चोर बसला तर वरच्या अँटिव्हायरसला तो दिसतही नाही, कारण अँटिव्हायरसला बघायला डोळे देणाराच तो असतो. ग्रबसुद्धा सावध झालाय. २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून शेजारच्या पार्टिशनांत डोकावून इतर सिस्टिम शोधायचं काम त्यानं मुळात बंद ठेवलं, सुरक्षेच्याच कारणानं. इतरांची नावं घेणारा, म्हणून माझी बहीण ज्याची बाजू मांडत होती, तोही आता सांगितल्याशिवाय नावं घेत नाही.

कुलूप असावं की नसावं, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. किल्ली कुणाकडे, हा खरा वाद, आणि तो जुना आहे. अमेरिकेत टिवो नावाचं टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं यंत्र लिनक्सवर चालायचं. कोड सगळ्यांना खुला होता, पण तुम्ही तो बदललात तर यंत्र तो चालवायला नकार द्यायचं, कारण सही कंपनीची हवी. रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या संस्थेनं २००७च्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत याला अटकाव केला. लिनस टोरवाल्ड्स यांना ते पटलं नाही. यंत्र बनवणाऱ्यानं यंत्राचं काय करावं, हे सॉफ्टवेअरच्या परवान्यानं ठरवू नये, असं त्यांचं म्हणणं, आणि लिनक्स कर्नल आजही दुसऱ्या आवृत्तीवर आहे. मी स्टॉलमनच्या बाजूला झुकतो. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूला पहिली आज्ञा कुणी द्यायची हे ठरवता येत नसेल, तर माझ्याकडे आहे तो वापर, मालकी नव्हे.

आता तुमचा फोन. अँड्रॉइडमध्ये बूट लोडर कुलूपबंद येतो. काही कंपन्या तो उघडू देतात. उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि ते मला रास्त वाटतं, नाहीतर चोराला फोन पळवून, कुलूप उघडून तुमचे फोटो बघता येतील. पुढे दर वेळी फोन चालू करताना पडद्यावर इशारा येतो, आणि बँकेची काही ॲप्स तुम्हाला ओळख दाखवत नाहीत. ही किंमत आहे. ती मोजायची की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

माझ्या कपाटात एक जुना फोन आहे. स्क्रीनवर ओरखडा नाही, कॅमेरा चांगला, बॅटरी दुपारपर्यंत चालते. कंपनीनं त्याचे अपडेट केव्हाच बंद केले. बाहेर लोकांनी त्याच्यासारख्या फोनांसाठी नव्या सिस्टिम बनवल्या आहेत, फुकट. सेटिंग्जमध्ये बूट लोडर उघडू देण्याची ओळसुद्धा आहे. ती राखाडी आहे, दाबली जात नाही.