शाईच्या भेगांतली देवयानी

माझे एक विद्वान स्नेही गेले वर्षभर एक व्याख्यान घेऊन गावोगाव फिरत आहेत. नाव घेत नाही; घेतले तर त्यांना फार आनंद होईल. विषय असा की व्हॉयनिच हस्तलिखित हा मुळात आयुर्वेदाचा ग्रंथ आहे. पडद्यावर हिरव्या पाण्यात उभ्या असलेल्या विवस्त्र बायका येतात. स्नेही म्हणतात, पंचकर्म. चमत्कारिक मुळांची, कोणत्याच बागेत न सापडणारी झाडे येतात. ते म्हणतात, निघंटु. मजकुरात एकच शब्द लागोपाठ तीनदा येतो. ते म्हणतात, जप. राशींच्या चित्रांभोवती हातात तारा धरलेल्या बायका, प्रत्येक राशीला तीसच्या घरात. ते म्हणतात, तीस अंश! टाळ्या पडतात. एखाद्या आगाऊ श्रोत्याने 'एक ओळ वाचून दाखवा' म्हटले, तर काम चालू आहे असे उत्तर मिळते. म्हणजे चित्रे वाचून झाली, मजकूर तेवढा राहिला.

तीस अंशांचे आधी उरकून घेऊ. राशीचे तीस भाग बाबिलोनकडून ग्रीकांकडे आणि ग्रीकांकडून आपल्याकडे आले. राशींची ग्रीक नावे वराहमिहिराने बृहज्जातकात बिनदिक्कत नोंदवली आहेत. त्यामुळे पंधराव्या शतकातल्या युरोपियन पुस्तकात तीस अंश दिसले म्हणून अंगावर मूठभर मांस चढवून घ्यायचे कारण नाही. ते त्यांच्याही घरचेच आहेत.

पुस्तकाची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात एमएस ४०८ या क्रमांकाने ते ठेवलेले आहे. सुमारे २४० चर्मपत्री पाने आहेत आणि बहुतेक पानांवर चित्रे आहेत. लिपी कुठेच न सापडणारी, तरी सराईत हाताने, जवळजवळ खाडाखोड न करता लिहिलेली. २००९ साली चर्मपत्राचे कार्बन कालमापन झाले आणि १४०४ ते १४३८ हा काळ निघाला. १९१२ साली विल्फ्रिड व्हॉयनिच या पोलिश ग्रंथविक्रेत्याने रोमजवळच्या व्हिला मोंद्रागोनेमधल्या जेझुइटांकडून ते विकत घेतले. भारताशी संबंध हवाच असेल तर तो इथे आहे: व्हॉयनिचची बायको एथेल ही गणिती जॉर्ज बूलची मुलगी आणि ज्याचे नाव आपण शिखराला दिलेले पाहतो त्या जॉर्ज एव्हरेस्टच्या पुतणीची लेक. स्नेह्यांनी हा धागा अजून पकडलेला नाही, ही कृपा.

पुस्तकाबरोबर १६६५ सालचे एक पत्र सापडले. प्रागच्या योहानेस मार्कुस मार्चीने ते रोममधल्या अथानासिउस किर्चरला लिहिले आहे. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने हे पुस्तक ६०० डुकाटांना घेतले होते आणि ते तेराव्या शतकातल्या रॉजर बेकनचे असल्याचे कुणीतरी म्हणत होते, अशी ऐकीव माहिती त्यात आहे. किर्चर हा मोठा गमतीचा माणूस. इजिप्तची चित्रलिपी आपल्याला वाचता येते अशी त्याची खात्री होती. एका ओबेलिस्कवर नुसते फेरोचे नाव कोरलेले असताना त्याने त्यातून ओसायरिस, यज्ञविधी आणि नाईलची कृपा असे लांबलचक वाक्य काढले होते. त्याच किर्चरच्या प्रचंड छापील पसाऱ्यात या पुस्तकाचा उलगडा मात्र कुठेही नाही. आजच्या उलगडेकारांनी त्याच्याकडून एवढे तरी घ्यावे.

स्नेह्यांना एकट्यालाच झोडपणे अन्यायाचे होईल, कारण त्यांची परंपरा थोर आहे. २०१७ साली हे स्त्रियांच्या आरोग्याचे पुस्तक ठरले, २०१९ साली त्यात आदिम रोमान्स भाषा सापडली आणि ब्रिस्टल विद्यापीठाला त्या दाव्यापासून हात झटकावे लागले. दर दोन वर्षांनी मथळा येतो, आठवड्यात विरतो. या सगळ्यांचा मूळपुरुष विल्यम रोमेन न्यूबोल्ड. त्याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण तो ना लबाड होता ना मूर्ख.

न्यूबोल्ड पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. पुस्तक रॉजर बेकनचे ठरावे अशी व्हॉयनिचची इच्छा होती, आणि ती व्यापाऱ्याची इच्छा होती हे वेगळे सांगायला नको. १९२१ साली न्यूबोल्डने जाहीर केले की दिसणारा मजकूर हा नुसता बुरखा आहे. प्रत्येक अक्षर भिंगाखाली धरले की ते बारीक बारीक रेघांचे बनलेले दिसते. त्या रेघा म्हणजे प्राचीन ग्रीक लघुलिपी. तिच्यातून रोमन अक्षरे काढायची, मग त्यांचे ५५ किंवा ११० अक्षरांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातली अक्षरे फिरवून लॅटिन वाक्य जुळवायचे. असे करत करत तो एका चक्राकार आकृतीपाशी आला. तिच्याजवळच्या मजकुरातून त्याने जे जुळवले त्याचा आशय असा: अंतर्वक्र आरशातून एक गोगलगायीच्या आकाराचा तारा दिसला, तो महाश्वाची नाभी, देवयानीचा कमरपट्टा आणि शर्मिष्ठेचे डोके यांच्या मधोमध आहे. म्हणजे देवयानीचा तेजोमेघ! म्हणजे तेराव्या शतकातल्या बेकनकडे दुर्बीण होती! दुसऱ्या पानांवरच्या आकृतींत त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशीही दिसल्या.

त्याचा मित्र जॉन मॅथ्यूज मॅनली हा चॉसरचा अभ्यासक, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तलेखन विभागात काम केलेला. न्यूबोल्ड १९२६ साली वारला, दोन वर्षांनी त्याचे पुस्तक मरणोत्तर निघाले, आणि १९३१ साली मॅनलीने 'स्पेक्युलम' या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहून सगळा डोलारा उतरवला. लघुलिपीच्या रेघा म्हणजे खरखरीत चर्मपत्रावर वाळताना तडकलेली जाड शाई होती. आणि ११० अक्षरे हवी तशी फिरवायची मुभा घेतली, तर त्यांतून एक नव्हे, ढीगभर वाक्ये निघतात. कोणते काढायचे हे काढणारा ठरवतो. न्यूबोल्डने देवयानी शोधली नव्हती, भेगांत पेरली होती. पेरताना आपण पेरतो आहोत हे त्याला कळले नाही, एवढीच त्याची शोकांतिका.

यात माझी एक भर. देवयानीचा चक्राकार पीळ नुसत्या दुर्बिणीतून डोळ्यांना सहसा दिसत नाही. दिसतो तो अस्पष्ट, लांबट ढग. तो पीळ उघड झाला आयझॅक रॉबर्ट्सने १८८८ साली घेतलेल्या छायाचित्रात. म्हणजे बेकनकडे नुसती दुर्बीण असून भागले नसते, कॅमेराही लागला असता. न्यूबोल्डच्या पिढीच्या डोळ्यांत मात्र ते छायाचित्र बसलेले होते. चक्र दिसले, तेजोमेघ आठवला आणि मग अक्षरांनी निमूटपणे साक्ष दिली. आधी चित्राचा अर्थ, मग त्या अर्थाला साजेसा मजकूर. तळ्यातल्या बायका दिसल्या, पंचकर्म आठवले. हिशेब तोच आहे, फक्त आठवण देशी आहे.

मजकुराकडे सरळ गेलेले लोकही होतेच. जपानच्या 'पर्पल' या सांकेतिक लेखनयंत्राचे कोडे सोडवणाऱ्या पथकाचा प्रमुख विल्यम फ्रीडमन याने १९४४ साली अभ्यासमंडळ जमवले, हयातभर डोके घातले आणि ही एखादी कृत्रिम भाषा घडवण्याचा जुना प्रयत्न असावा एवढ्यावर थांबला. १९७६ साली प्रेस्कॉट करियरने दाखवले की मजकुरात दोन वेगळ्या चाली आहेत. २०२० साली लिसा फेगिन डेव्हिस या हस्तलिखितशास्त्रज्ञ बाईंनी अक्षरवळणांवरून पाच लेखनिक वेगळे काढले. पाच माणसे बसून लिहीत होती म्हटल्यावर एका वेड्याच्या बरळण्याची कल्पना बरीच पातळ होते. अर्थहीन मजकूर पद्धतशीर बनवता येतो, असे मानणारेही आहेत, आणि त्यांना मी हसत नाही.

आता स्नेह्यांचा हुकमाचा पत्ता. 'आपल्याकडे सांकेतिक लिपी होत्याच की, महानुभावांच्या पोथ्या बघा.' बघू. सकळ, सुंदरी अशा लिपींमध्ये महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके जपले आणि बाहेरच्या विद्वानांना त्या पोथ्या विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बंदच होत्या. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या पिढीने त्या उघडल्या. कशाच्या जोरावर? आत मराठी होती. एकच ग्रंथ अनेक पोथ्यांत होता. आणि मुख्य म्हणजे मठांतून ती लिपी वाचणारी माणसे हयात होती. अशा लिपीत अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते, पण भाषेची चाल तीच राहते. कोणते चिन्ह किती वेळा येते आणि कशाच्या शेजारी येते हे मोजत गेले की भाषा स्वतःच बोलू लागते. व्हॉयनिचमध्ये नेमके हेच होत नाही. तिथे एका चिन्हानंतर पुढचे कोणते येणार हे लॅटिनपेक्षा कितीतरी सहज ओळखता येते. शब्दांचे साचे ठरीव आहेत, काही चिन्हे शब्दाच्या आरंभीच रमतात, काही शेवटी. जोडाक्षरांनी गजबजलेल्या संस्कृतवर नुसता अक्षरबदल करून असा मजकूर कसा होईल, ते स्नेह्यांनी सांगावे. पुस्तक एकच, त्या लिपीतली दुसरी ओळ जगात नाही, मठ नाही, महंत नाही. महानुभावांचे उदाहरण त्यांनी काढायला नको होते.

इथवर आल्यावर चित्रांना बाजूला सारून मोकळे व्हावे असा मोह होतो. या लेखाला बसलो तेव्हा तसेच लिहायचा बेतही होता. पण एरविन पानोफ्स्की आडवा येतो. विसाव्या शतकातल्या कला-इतिहासकारांत त्याचे स्थान फार वरचे. त्याला फ्रीडमनने पुस्तकाच्या काळाबद्दल विचारले. चित्रांची धाटणी पाहून त्याचा कल १४७० च्या आसपास होता. पण १९४४ साली ह्यू ओनील या वनस्पतिशास्त्रज्ञाने ९३व्या पानावरचे झाड सूर्यफूल आहे आणि दुसऱ्या एका पानावर मिरची आहे असे छापले होते. दोन्ही अमेरिकेतली, म्हणजे कोलंबसानंतरची. त्या सूर्यफुलाचा मान राखण्यासाठी पानोफ्स्कीने आपला अंदाज १५१० ते १५२० पर्यंत पुढे ढकलला. अर्ध्या शतकाने चर्मपत्राची तपासणी झाली आणि सूर्यफूल कोमेजले. धाटणी बघणारी नजर तीसेक वर्षांनी चुकली होती. वस्तू ओळखणाऱ्या नजरेने तिला आणखी लांब नेले. इतके होऊनही २०१४ च्या सुमारास दोघांनी तीच अमेरिकी झाडे पुन्हा ओळखली आणि शेजारच्या मजकुरात मेक्सिकोची नाहुआत्ल भाषा वाचली. सूर्यफुलाचे बी चिवट असते.

तेव्हा चित्रांनाच सरसकट हाकलणे चूक ठरेल. चित्रकाराचा हात खोटे बोलत नाही, कारण तो काही सांगायला बसलेला नसतो. धनु राशीचे चित्र बघा. आपल्या किंवा ग्रीकांच्या परंपरेतला अर्धा घोडा तिथे नाही. सदरा घातलेला एक साधा माणूस आहे आणि त्याच्या हातात कळ दाबून बाण सोडायचे आडवे धनुष्य आहे. धनुर्धराला असे माणसात आणून बसवण्याची रीत त्या काळच्या जर्मन प्रदेशातल्या हस्तलिखितांत भेटते. मोठ्या घडीच्या पानावर एक किल्ला आहे. त्याच्या तटाचे दाते पाकोळीच्या शेपटीसारखे दुभंगलेले आहेत, जसे उत्तर इटलीत आजही दिसतात. प्राण्यांच्या आकाराची मुळे असलेल्या झाडांची पुस्तके त्याच मुलखात निघत होती. हे सगळे आल्प्सच्या अलीकडे-पलीकडे, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेऊन सोडते आणि चर्मपत्र त्याला दुजोरा देते. पुस्तक कुठले, कधीचे, हे चित्रे सांगू शकतात. त्यात काय लिहिले आहे हे नाही.

मग मजकुराच्या कामी चित्र कधीच येत नाही का? येते, पण त्याची पाळी नंतर. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली लिनिअर बी या लिपीतली भाषा ग्रीक असल्याचे मांडले. त्याच वर्षी ग्रीसमध्ये पायलोसला कार्ल ब्लेगेनला मातीची एक पाटी मिळाली, जी व्हेंट्रिसने पाहिलेली नव्हती. तिच्यावर भांड्यांची छोटी चित्रे होती: तिवईचे भांडे, चार कानांचे, तीन कानांचे, बिनकानी. ब्लेगेनने पाटी साफ करून व्हेंट्रिसची अक्षरे लावली. तिवईशेजारी ति-रि-पो असे निघाले, चार कानांच्या भांड्याला चार, तीनवाल्याला तीन, बिनकानीला बिनकानी. ग्रीक येणाऱ्या कुणालाही वाचता यावे असे. तिथे अक्षरे आधी ठरली होती, मातीतल्या भांड्यांनी फक्त निकाल दिला. न्यूबोल्डने न्यायाधीशालाच आपला वकील केले होते.

स्नेह्यांसाठी अशी पाटी तयारच आहे. मीन राशीचे पान घ्यावे; दोन मासे मध्ये आणि भोवती तारे धरलेल्या बायका, प्रत्येकीजवळ एकेक छोटा शब्द. ही नक्षत्रांची नावे आहेत असे ते व्याख्यानात ठामपणे सांगतात. नक्षत्रे सत्तावीस, अभिजित धरले तर अठ्ठावीस. मकर आणि कुंभ यांची पाने गहाळ असूनही उरलेल्या दहा राशींत अशा बायका तीनशेच्या आसपास भरतात, आणि त्यांच्याजवळचे शब्द बहुतेक वेगवेगळे आहेत. बाकीच्या पावणेतीनशे बायकांचे काय करायचे तो प्रश्न त्यांचा. मला एवढेच हवे आहे की त्यांनी आपली किल्ली, कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर, कागदावर लिहून एका त्रयस्थाकडे पाकिटात द्यावी. मीनेचे पान त्यांनी वाचावे. मेषेची दोन पाने, जी त्यांनी अजून पडद्यावर आणलेली नाहीत, त्याच किल्लीने दुसऱ्या कुणीतरी वाचावीत, अक्षरे फिरवायची मुभा न घेता. जमले, तर पुढच्या दिवाळीला या अंकातली माझी पाने त्यांची. आणि व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत तिकीट काढून बसेन.