लोकर कमी पडली तर?

हातातले साधन पुरेल की नाही याची खात्री नसेल, तर कामाचा आरंभ कोठून करावा? हा नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर मोजे विणणाऱ्या भगिनींच्या सुयांवर सापडते.

मोजा दोन रीतींनी विणतात. एकीत वरच्या काठापासून खाली येऊन बोटांशी शेवट करतात. दुसरीत बोटांच्या टोकाशी मोजके टाके घालून, फेरीआड ते वाढवीत चवडा करतात, मग टाच वळवितात आणि लोकर पुरेल तितके पोटरीवर चढतात. लोकर संपली तर पहिल्या रीतीत बोटे उघडी राहतात. दुसरीत मोजा आखूड होतो, इतकेच. उणीव सारखीच, पण एकीकडे ती गरजेवर पडते आणि दुसरीकडे शोभेवर.

शिवाय विणता विणता मोजा पायात घालून पाहता येतो. पायाचे ऐकण्याची ही वृत्ती जुनी आहे. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेले, इ. स. 300 ते 499 या काळातील लोकरीचे मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. चपलेसाठी त्यांत अंगठ्याचे घर वेगळे ठेवले आहे.

शहाणी विणणारी 100 ग्रॅमची लडी आधीच तोलून 50 ग्रॅमचे दोन गुंडे करते. नाहीतर पहिला मोजा गुडघ्यापर्यंत आणि दुसरा घोट्यापर्यंत!

आपल्या घरी व मंडळीत काय होते? लग्नात मांडव आणि बँड आधी ठरतो. धाकट्यांच्या फीचा विचार मागून. नाताळच्या सजावटीला पैसे निघतात; शब्बाथशाळेची पुस्तके उरल्यासुरल्यात.

कोणी म्हणेल, वरून विणलेल्या मोज्याची बोटे झिजली तर तेवढा भाग उसवून पुन्हा विणणे सोपे. खरे आहे. लोकर मुबलक असेल त्याने तसे खुशाल विणावे. काठही निरुपयोगी नव्हे. तो नसला तर मोजा घसरतो. म्हणून शेवटच्या काही फेऱ्यांपुरती लोकर राखावी लागते आणि टाके सैल बंद करावे लागतात, नाहीतर मोजा टाचेवरून चढत नाही. तसाच लग्नघरी आनंदालाही वाटा हवा.

परंतु तो वाटा शेवटचा. पुढील वर्षाचा खर्च मांडताना, वाचकहो, पहिली ओळ कोणाच्या नावाने लिहाल? पैसे कमी पडले तर उघडे कोण राहील, एवढे आधी पाहावे.