डबीतल्या कॅप्सूल



सकाळी उठल्यावर तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायची आपल्याकडे जुनी रीत. माझ्या ओळखीच्या एका घरात मात्र ते भांडं माळ्यावर गेलंय. तिथल्या मुलाला विल्सनचा आजार आहे. यात अन्नातलं जास्तीचं तांबं शरीराबाहेर पडत नाही; यकृतात, मेंदूत साठत जातं. पेनिसिलामाइनची कॅप्सूल ते लघवीवाटे बाहेर काढते. डॉ. जॉन वॉल्श यांनी १९५६ साली हा उपाय जगापुढे मांडला. उपचार जन्मभराचा, मध्येच सोडला तर जिवावर बेतू शकतं. पण रुग्ण मोजके, म्हणून औषध दुकानोदुकानी मिळत नाही.

त्या मुलाची आई दर रविवारी डबीतल्या कॅप्सूल मोजते. महिनाभराच्या उरल्या की शोध सुरू. तुटवडा आहे म्हणून मनाने डोस कमी करत नाही. आधी डॉक्टरांना विचारते. एकदा कुठेच औषध मिळेना, तेव्हा परगावच्या दुसऱ्या रुग्णाच्या आईने फोन करून दुकानाचा पत्ता दिला. दोघी कधी भेटलेल्याही नव्हत्या.

आपल्या गल्लीतल्या औषधवाल्याने अशा एका घरासाठी आठवणीने औषध मागवून ठेवलं, तरी तिथली आई रात्री शांत झोपेल. आज कुणासाठी तरी एवढी आठवण ठेवूया.